पोचल्याचा निरोप येईपर्यंत

आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं की ते सुखरूप पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. माझ्या माहेरी, देवगाव रंगारीला, हे फार सोपं होतं. पाहुणा सकाळच्या एसटीनं निघाला की दुपारपर्यंत संभाजीनगरला पोचलेला असायचाच, त्यामुळे आई दुपारी बिनघोर केरसुणी हातात घ्यायची. एखादी लेक टोरांटोला नांदायला जाईल आणि केर दोन-दोन दिवस पडून राहील, हे ही रीत घालून देणाऱ्यांच्या डोक्यात आलं असण्याचं काही कारण नाही.

आमचे हे या रीतीला हसतात. निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा विश्वास मोबाइलवर. इथला संभाजीनगरचा, म्हणजे चिकलठाण्याचा, विमानतळ आणि टोरांटोचा, दोन्ही नावं टाकली की उत्तर येतं: बारा हजारांच्या वर किलोमीटर, पंधरा-सोळा तास. असं थेट विमान इथून उडतच नाही. आधी मुंबई गाठायची, मग कुठल्यातरी परक्या विमानतळावर ताटकळायचं, हे काही त्यात धरलेलं नसतं. तरी रोज चहा पिताना ते तेच बघतात.

"काल होतं तेवढंच आहे ना?" मी टोचते. ते चिडतात. ते का बघतात हे मला कळत नाही असं नाही. मागे त्यांच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती आणि डॉक्टरांनी इतका लांबचा विमानप्रवास बंद केलाय. त्यांना सोडून मी एकटी जाणार नाही. म्हणजे लेकीचं घर आम्ही कधीच बघणार नाही. तिला जमेल तेव्हा तीच येणार, आणि तोवर आम्ही झुरत बसणार.

यंदा ती आली, सोबत पाच वर्षांची नात. मी दारात रांगोळी काढत होते, तर नातीनं डब्यातली मूठभर उचलली आणि घरातल्या फरशीवर दोन गोल काढले. हॉलमधला गोल आमचा विमानतळ, स्वयंपाकघराच्या दारातला तिचा. हात पसरून ती एकातून दुसऱ्यात जायची, "पोचले!" म्हणून ओरडायची आणि लगेच परत यायची. मी झाडून काढले की पुन्हा काढायची. हे खुर्चीतून विचारायचे, "पट्टा बांधला का गं?"

निघायच्या दिवशी लेकीच्या हातावर दही-साखर ठेवली. त्यांची गाडी क्रांती चौकाकडे वळली आणि मी तिथंच रस्त्यावर रडले. लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "आई, पोचलो गं आम्ही." मी देवापुढे हात जोडले आणि केरसुणी घेतली. बिस्किटांचा चुरा, नातीचं एक रबरबँड. हॉलमधल्या गोलापाशी आले तेव्हा हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

"अहो, पोचल्या त्या. आता झाडलं तर चालतं."

"ते ठावं हाय मला." मोबाइल त्यांनी मांडीवर पालथा ठेवला होता. "उद्या झाड. तोवर त्या इथनं गेल्याच नाय असं समज."

आयुष्यभर माझ्या रीतीला हसलेला माणूस! मी केरसुणी दाराआड ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या गोलाला वळसा घालून चहा करायला गेले.