खाली मालकाचं म्हणणं

पार्सल आलं की काकी आधी अडकित्ता शोधायच्या. घरात कात्री होती, पण खोक्यावरची चिकटपट्टी त्या अडकित्त्यानंच कापायच्या, तीही आत कुणीतरी झोपलंय अशा हलक्या हातानं. "उघडायचं, फाडायचं न्हाई," म्हणायच्या. "परत पाठवायचं असतंय."

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत काकी आणि मी समोरासमोर राहायचो आणि दोघंही एकच काम करायचो. कोल्हापूरची चटणी, गूळ, चपला इंटरनेटवर विकणाऱ्या वेबसाइटींबद्दल लिहायचं. वस्तू कशी आहे, सांगितली तशीच आली का, पैसे वसूल का. मी माझ्या ब्लॉगवर, काकी त्यांच्या. माझं लिखाण माझे मित्र वाचायचे. काकींचं वाचून लोक खरेदी ठरवायचे. तुम्ही समोरच्या घरातल्या माणसावर कधी जळला असाल, तर बाकीचं तुम्हाला सांगायला नको.

मी पत्रकांवर वाढलो. वडील चळवळीतले. घरात गठ्ठे पडलेले असायचे, त्यांवरूनच मी वाचायला शिकलो. 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'जाब विचारा' वाचता येत होतं. आणि पत्रक ज्याच्या विरोधात आहे, त्याच्याकडं नेऊन ते आधी कुणी दाखवत नाही.

काकी नेमकं तेच करायच्या. लिहून झालं की ओट्यावर बसून वेबसाइटच्या मालकाला फोन लावायच्या. "वाचून दाखवते. माहिती चुकली असंल तर सांगा, दुरुस्त करते. मत बदलणार न्हाई. तुमचं म्हणणं खाली छापीन." मग सगळं वाचायच्या. खारट ते खारट, शिळं ते शिळं. वाचून झालं की फोन कानाला लावून बराच वेळ गप्प. हातातला अडकित्ता नुसता उघडायचा, मिटायचा. मी खिडकीतून बघायचो आणि आईला म्हणायचो, "बघ, हुकूम घेतायत. काय गाळायचं ते मालक सांगतोय."

गाळलेलं मात्र काही सापडायचं नाही. सुरुवातीलाच लिहिलेलं असायचं, 'डबा मालकानं पाठवला, चव बघून उरलेला परत केला.' शेवटी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, 'मालकाचं म्हणणं'. मी दोन-दोनदा तपासायचो. चूक सापडली नाही की त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं नाही.

मग गडमुडशिंगीच्या एका नवरा-बायकोनं चटणीची वेबसाइट काढली. वर ठळक अक्षरात 'डंकावर कुटलेली'. म्हणजे यंत्राच्या मुसळाखाली, जुन्या चवीची. आम्हा दोघांकडं डबे आले. मी चिमूटभर तळहातावर चोळली आणि ओळखलं, ही गिरणीत दळलेली आहे. तापलेल्या मिरचीचा वास लपत नाही. आईनंही हुंगून तेच सांगितलं. त्याच दुपारी मी लिहिलं, 'डंकाच्या नावानं ग्राहकाच्या डोळ्यांत तिखट!' ते शीर्षक मला अजून आवडतं.

काहीही झालं नाही. वेबसाइटवर 'डंकावर कुटलेली' तसंच.

आठवड्यानं काकींनी लिहिलं. तेच! ही कुटलेली नाही, दळलेली आहे. खाली मालकाचं म्हणणं: आमचा डंक बंद पडलाय, ही खेप गिरणीतून दळून आणली, वेबसाइटवर बदलायचं राहून गेलं. संध्याकाळपर्यंत तिथली ओळ बदलली. वर आणि 'काकींचे आभार'.

मी तसाच रस्ता ओलांडून गेलो. "काकी, हे आधी मी लिहिलंय."

"व्हय की. वाचलंय मी. बरोबर लिहिलंस."

"मग आभार तुमचे कसे?"

"मला काय इचारतोस? त्यांना इचार."

"मालकाला आधी वाचून दाखवायचं म्हणजे मिंधेपणा आहे."

काकींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मिंधी व्हय मी? फोनवर रडली ती बाई, तरी एक शब्द कमी केला न्हाई." थोडं थांबून म्हणाल्या, "तुझी पयली ओळ वाचून तिनं मोबाईल पालथा घातला. तिनंच सांगितलं मला. एवढं खरं लिहितोस लेका, आन् पोचत न्हाई. वाईट वाटतंय बघ."

काकींना माझं वाईट वाटावं, हे आभारांपेक्षा जास्त झोंबलं.

गेल्या पावसाळ्यात काकींना ताप आला. उतरला, पण जिभेची चव घेऊन गेला. दुसऱ्या कुणी अंदाजावर चालवून नेलं असतं. काकींनी लिहिलं, 'मला चव लागत नाही. लागली तर लिहीन. तोवर माझ्या नावानं कुणी काही विकलं तर खरं धरू नका.' आणि लेकीकडं गारगोटीला गेल्या. तत्त्वासाठी सोडून द्यावं, असं मी किती वेळा लिहिलं होतं. सोडलं त्यांनी. त्याचाही हेवा वाटला मला.

दिवाळीनंतर एक फोन आला. "पावणं, गडमुडशिंगीवरनं बोलतोय, चटणीवाला. काकींनी तुमचा नंबर दिलाय. डंक सुरू झालाय. डबा पाठवू काय?"

काकी मला काहीच बोलल्या नव्हत्या.

डबा आला. मी तो चाकूनं उघडला, पण हळू. या वेळी चटणी कुटलेलीच होती, फक्त मीठ जास्त. लिहिलं. शीर्षकापुढं उद्गारचिन्ह घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मग फोन लावला. मालकिणीनं उचलला.

"वाचून दाखवतो," मी म्हणालो आणि एका दमात वाचलं. "झालं. ठेवतो."

"आवो, थांबा की पावणं! काकी वाचून झालं की गप बसायच्या. आमाला काय बोलायचं ते सुचस्तवर."

मी गप्प बसलो. पलीकडं डंकाची धपधप ऐकू येत होती. समोरच्या ओट्यावर गल्लीतलं मांजर पसरलं होतं. बोलायला तोंड उघडावंसं वाटत होतं आणि हाताला उघडायला-मिटायला काही नव्हतं. एवढं गप्प बसणं काकींनी कुठून आणलं होतं?

"मीठ जास्तच पडलंय," मालकीण शेवटी म्हणाली. "खाली लिवून घ्या."