चटणीत मीठ कमी होतं

रायपूरच्या मंडळींनो, आज सकाळी आम्ही दोघं विशाखापट्टणमच्या समुद्राकाठी होतो.

मोठ्या तापानंतर माझ्या बायकोची, सुमनची, चवच गेली होती. हॉटेलातल्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवणारी ती, कित्येक महिने मुकाट जेवत होती. आपल्या गुढियारीतला तिचा आवडता चीला, तांदळाच्या पिठाचं धिरडं, तोही माझं मन राखायला दोन घास खायची.

आज देवदर्शन करून एका हातगाडीवर थांबलो. गाडीवालीनं हिरव्या मुगाचा डोसा पानावर वाढला. समोर धुक्यात समुद्र आणि आकाश एक झाले होते, होड्या हवेत तरंगत होत्या.

सुमननं घास घेतला. थांबली. पुन्हा चटणी चाखली.

"अहो, मीठ कमी आहे न चटणीत."

"काय म्हणालीस?"

"मीठ कमी आहे! अन् आलं किती टाकून ठेवलं! याच्यापेक्षा आपला चीला बरा."

गाडीवाली हसली. "अम्मा, और चटनी दूँ?"

"हव, दो. नमक डालके."

मी लाटांकडे पाहत हात जोडले. देवळात मागितलं होतं, ते हातगाडीवर मिळालं.

तुमच्या घरी आज कोणी जेवणाला नावं ठेवली का? ठेवू द्या.