मेहुणीचे पाच तारे

बोईसरच्या आमच्या घरातून बायको सुके बोंबील विकते. माल जवळच्या मुरबे गावच्या बंदरातला, पाकिटं आम्ही भरतो, विक्री मोबाइलच्या ॲपवर. गिऱ्हाईक आम्हाला दिसत नाही, आम्ही त्याला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त ताऱ्यांचा आकडा. तो साडेचारच्या खाली गेला की ॲप मागच्या पानांवर ढकलतं, आणि तिथे सहसा कोणी फिरकत नाही.

सात जणांनी आम्हाला पाच-पाच तारे दिले होते. मग कुणा अनोळखी माणसाने एकच दिला आणि लिहिलं, बोंबील ओले निघाले. बेरीज छत्तीस, माणसं आठ. बरोबर साडेचार, काठावर.

कोणीतरी जळणारा असेल, असं बायकोचं म्हणणं. मी उरलेली नऊ पाकिटं फोडली. मुरब्याला माल घेताना बोंबील मोडून बघतात, सुका असला तर कडकन तुटतो. दोन पाकिटांतले नुसते वाकले. माणूस खोटं बोलला नव्हता.

त्याच आठवड्यात कुणाचा तरी फोन आला. वीस रिव्ह्यू टाकून देतो, सगळे पाच स्टार, नावं वेगवेगळी, असं हिंदीत सांगत होता. मी म्हटलं, खोटे तारे आम्हाला नकोत, आणि फोन ठेवला.

बायको ऐकत होती. "मंग माझ्या बहिणीचे पाच कुठले वो? ती तर बोंबील खात नाय. तुमीच मागून घेतले."

खरं होतं. सातांपैकी चार माझ्या सांगण्यावरून आलेले, सगळे घरचे. भावाने तर पाकीट अजून उघडलेलंही नव्हतं.

मी चौघांना फोन करून तारे काढायला लावले. मेहुणी फुगली. बायको म्हणाली, "लोकं मार्क वाढवून मागतात. तुमी कमी करून मागताय."

त्या एका ताऱ्याखाली मी लिहिलं: तुमचं बरोबर आहे, आणखी दोन पाकिटं ओली सापडली, ती टाकून दिली.

आता बेरीज सोळा, माणसं चार, आकडा चार. आम्ही मागच्या पानावर आहोत, ऑर्डरी निम्म्यावर आल्यात आणि बायको अजून माझ्याशी तुटकच बोलते. बोलू दे. तिघांनी खाऊन पाच दिले, एकाने खाऊन एक दिला. ॲपला आणखी मागे ढकलायचं असेल तर खुशाल ढकलावं. हा आकडा मी वाढवायला जाणार नाही.