दहा मिनिटांत मुरलेली वाइन

वाइनच्या त्या तळघरात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणत नाकोबा. नाक तसं बेताचंच, पण पिंपाचं बूच निघालं रे निघालं की आतला माल मुरलाय की कच्चा आहे, हे ते ग्लास तोंडाला लावण्याआधीच सांगत. उभा जन्म त्यातच गेला होता.

हिवाळ्यात ताप आला. ताप उतरला, पण गेलेला वास काही परत आला नाही. दूध करपून भांडं काळं झालं तरी हे शेजारी बसून निवांत पेपर वाचत होते, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं.

“अहो, मालकीणबाईंना सांगून टाका. आजार आहे, चोरी नाही.”

“आणि मग तिथे करू काय? झाडू मारू?”

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. पण तळघरातलं रोजचं काम वासावरच चालायचं. पिंपातली वाइन लाकडातून हळूहळू उडते आणि वर पोकळी राहिली तर खराब होते. म्हणून ते दाराजवळच्या छोट्या पिंपातली वाइन काढून बाकीची पिंपं काठोकाठ भरत. आधी वास घ्यायचा, मगच भरायचं, हा नियम त्यांनीच घातलेला. आता ते नुसतंच भरत.

अशात मालकीणबाईंचा भाचा एक चकचकीत डबा घेऊन उगवला. आत बाटली ठेवायची, बटण दाबायचं, डबा गुरगुरतो आणि दहा मिनिटांत वाइन दहा वर्षं मुरते म्हणे. तसं असेल तर पिंपं कशाला आणि तळघर तरी कशाला? बाई म्हणाल्या, “नाकोबा सांगतील ते खरं. ते हो म्हणाले तर पिंपं विकू.”

“उद्या म्हणतील, पाळण्यातलं पोर डब्यात घाला आणि दहा मिनिटांनी नोकरीला लावा,” नाकोबा घरी येऊन बायकोवर करवादले. थोतांड आहे याची त्यांना खात्री होती. पण ते सिद्ध करायचं कशाच्या जोरावर? डोळ्याला डोळा लागेना.

परीक्षेच्या दिवशी टेबलावर तीन ग्लास मांडले होते. एकात कच्ची वाइन, एकात बाटलीतली जुनी, एकात तीच कच्ची, पण डब्यातून काढलेली. कुठली कशात ते फक्त बाईंना ठाऊक. नाकोबांनी सवयीप्रमाणे डोळे मिटून ग्लासात नाक घातलं. आत काही म्हणजे काही नव्हतं.

मग त्यांनी घोट घेतला, आणि जीव भांड्यात पडला. जीभ शाबूत होती! पहिली वाइन जिभेला खरखरीत लागली, कच्च्या सुपारीसारखी. दुसरी मऊ. तिसरी पुन्हा तशीच खरखरीत.

“दुसरी जुनी. पहिली आणि तिसरी सख्ख्या बहिणी,” ते म्हणाले. “डबा नुसता गुरगुरतो, बाई.”

“अगदी बरोबर!” बाईंनी टाळी वाजवली. भाच्याचं तोंड एवढंसं झालं. नाकोबांना रडू येईल की काय असं वाटलं. वाचलो, त्यांच्या मनात आलं, तळघरही वाचलं.

“मग आता आपली खरी वाइन पिऊ या,” असं म्हणत बाईंनी स्वतः दाराजवळच्या छोट्या पिंपाची तोटी सोडली आणि तिघांचे ग्लास भरले. नाकोबांनी मोठा घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “बघा. याला म्हणतात मुरणं.”

त्यांनी डोळे उघडले. भाच्यानं नाकाला रुमाल लावला होता. बाईंनी घोट बादलीत थुंकला होता आणि त्या त्यांच्याकडे बघत होत्या, रागानं नव्हे, घाबरून.

“नाकोबा, याला कुजक्या फडक्याचा वास येतोय. तुम्हाला येत नाही?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“कधीपासून?”

“हिवाळ्यापासून.”

बाईंनी छोट्या पिंपाकडे पाहिलं, मग भिंतीपर्यंत गेलेल्या रांगांकडे.

“आणि यातली वाइन कुठल्या कुठल्या पिंपात भरलीत?”

नाकोबांनी ग्लास खाली ठेवला.

“सगळ्यांत,” ते म्हणाले.