डेल ह्रुष्काची पारख

पिचर बसमधून उतरताना बघायचा, बस्स. बाकी सगळं थोतांड. डेल ह्रुष्का हे गेली तीस वर्षं सांगत आला होता, ऐकणारा समोर असो वा नसो. बार्जमेन या बेसबॉल क्लबाचा मुख्य संघ आणि त्याच्या हाताखालचे चार छोटे संघ, अशा पाच गावांत त्याची फिरती असे. या पाचही संघांत सामन्यात पहिल्यापासून चेंडू फेकणारे जेवढे पिचर होते, त्यांची प्रत ठरवणं हे त्याचं काम. कोण वर चढवण्यालायक झालाय, कोण अजून कच्चा आहे आणि कोणाला नारळ द्यायचा, हे त्याने क्लबाला कळवायचं.

त्यासाठी तो सामन्याच्या दोन तास आधी मैदानामागच्या गाड्या लावायच्या जागेत घडीची खुर्ची टाकून बसे. बस आली की एकेक पोरगा पाठीवर बोजकं टाकून खाली उतरायचा आणि डेल त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा. खांदे रुंद हवेत. बूड भरदार हवं, कारण ताकद तिथून येते. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे जबडा. ज्याला जबडा नाही तो शेवटच्या डावात रडणार, यावर त्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. शेवटचा पोरगा उतरेपर्यंत सगळ्यांचे गुण ठरलेले असत. पुढचा तीन तासांचा सामना हा त्याच्या लेखी सॉसेज आणि खारे शेंगदाणे खायला मिळालेला निवांत वेळ होता.

डेलने असे पारखून वर पाठवलेले जबडे आज कुठे आहेत, हे त्याला विचारायची सोय नव्हती. एक आयोवात ट्रॅक्टर विकतो, दुसरा जाहिरातीत दाढीचं क्रीम लावून दाखवतो, तिसऱ्याचं नाव डेललाही आठवत नाही. पण चूक त्याची कधीच नसे. प्रशिक्षकाने बिघडवला, नाहीतर बायकोने बिघडवला. माल मात्र अस्सल होता.

आता या माणसाची दाढी. छातीपर्यंत आलेली, पांढरी, जुलैच्या उकाड्यातही न कापलेली. डेल तरुणपणी नेब्रास्कात सगळ्यात खालच्या संघात चार उन्हाळे पिचर होता. तिथे एका पारख्याने त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि मॅनेजरला म्हणाला, "ह्याला हनुवटीच नाही." त्याच आठवड्यात डेलला घरी पाठवलं. तेव्हापासून त्याने दाढी राखली. एवढा पोळलेला माणूस निदान दुसऱ्याच्या हनुवटीला नावं ठेवणार नाही, असं आपल्याला वाटतं. पण डेलने ज्या काठीने मार खाल्ला, तीच उचलून घेतली आणि जन्मभर दुसऱ्यांच्या पाठीत घातली.

सगळ्यात जास्त फटके पडले ते मार्विन ऑडेटला. मार्विन तिशी ओलांडलेला डावखुरा. ठेंगणा, टक्कल पडत आलेला, पुढे जरा पोट सुटलेला आणि हनुवटीच्या बाबतीत डेलचाच सख्खा भाऊ शोभेल असा. त्याचा चेंडू इतका सावकाश यायचा की जाळीमागे बसलेले इतर क्लबांचे पारखी आपल्या स्पीड गन खाली ठेवून गप्पा मारायला लागत. पण फलंदाज बाद होत. कसे होत, हे बघायची तसदी डेलने सात वर्षांत घेतली नव्हती. दर वर्षी तो एकच शेरा द्यायचा: खांदे अरुंद, चेहऱ्यात दम नाही, जागा भरायला बरा.

मार्विनची ही शेवटची खेप होती. बायको जोआन पोटुशी होती आणि सासऱ्याचा घरांची छपरं शाकारायचा धंदा होता. या उन्हाळ्यात वर बोलावणं आलं नाही तर सप्टेंबरपासून छपरावर चढायचं, असं घरात ठरलं होतं. त्याला फार काही नको होतं. मुख्य संघाच्या मैदानावर एक दिवस, एकच सामना. पुढे मुलाला सांगता आलं पाहिजे, एवढीच त्याची हौस होती.

आणि त्या सोमवारी मुख्य संघात जागा झाली. त्यांचा शुक्रवारचा पिचर न्हाणीघरात घसरून पडला. क्लबाचा मुख्याधिकारी व्हर्नन साइक्सने डेलला फोन केला. सगळ्यात वरच्या छोट्या संघातून, म्हणजे एव्हन्सव्हिलहून, शुक्रवारसाठी एक माणूस हवा होता. तिथे सहा पिचरांचा आठवड्यातला एकेक वार ठरलेला असे, आणि शुक्रवार मार्विनचा होता. सरळ हिशेबाने मार्विनच वर जायचा.

पण डेलच्या मनात कोल्टन राइनहार्ट भरला होता. तेवीस वर्षांचा, दारात वाकून शिरणारा, आणि जबडा असा की त्यावर अक्रोड फोडावेत. चेंडू ताशी अठ्ठ्याण्णव मैलांनी फेकायचा. तो बरेचदा फलंदाजाच्या डोक्यावरून जायचा, ही गोष्ट निराळी. त्याचा वार बुधवार होता, आणि बुधवारी फेकलेला हात शुक्रवारी चालत नाही. म्हणून डेल एव्हन्सव्हिलचा मॅनेजर गस लिंडक्विस्ट याच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

"बुधवारी राइनहार्टला बसव. मार्विनला खेळव."

"का? राइनहार्टला काय धाड भरलीय?"

"बोटाला फोड आलाय म्हणून सांग. सगळ्यांना तेच सांग, राइनहार्टलाही तेवढंच. बाकीच्या क्लबांच्या घारी बसलेल्या असतात, आपलं पान आत्ताच कशाला उघडं करा?"

गस जुना माणूस होता. पारख्यांना गुपितांची खाज असते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने खांदे उडवले.

"आणि मार्विनला नऊपैकी दोनच डाव दे," डेल पुढे म्हणाला. "मग काढ त्याला. बाकीच्या पोरांनाही हात मोकळे करू देत."

याचं खरं कारण त्याने सांगितलं नाही. मार्विनने बुधवारी चांगले आठ डाव टाकले असते, तर साइक्सने विचारलं असतं की हा का नको. ते विचारणंच डेलला नको होतं.

बुधवारी सामना दुपारचा होता. उन्हाळी शिबिरातली पोरं बसांनी आली होती आणि आरडाओरडा करत होती. रिवाजाप्रमाणे, ज्या पिचरला त्या दिवशी खेळायचं नसतं, तो साध्या कपड्यात जाळीमागे पारख्यांच्या रांगेत बसून आपल्या सोबत्याचा चेंडू न् चेंडू टिपतो. ते काम राइनहार्टकडे आलं. तो डेलच्या शेजारी पेन्सिल घेऊन बसला. बोटाला फोड कुठे आहे, हे तो मधूनमधून स्वतःच शोधत होता. पलीकडच्या खुर्चीत दुसऱ्या एका क्लबाचा पारखी बक टॉलिव्हर होता. तो डेलला वीस वर्षं ओळखत होता, त्यामुळे त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"काय रे डेल, आज बस उतरवून घेतलीस का नाही?"

"तू तुझं काम कर."

"मी करतोच. मी बापडा सामना बघतो. तुझ्यासारखी दिव्यदृष्टी कुठली आम्हाला?"

डेलने तिकडे लक्ष दिलं नाही. तो राइनहार्टकडे वळला होता. "तुझ्या आईकडची माणसं कुठली रे? हा जबडा बापाचा वाटत नाही."

"आजोबा खाटिक होते," राइनहार्ट टिपता टिपता म्हणाला.

"वाटलंच."

समोर मार्विनने डावाला तीन असे सहा फलंदाज ओळीने घरी पाठवले. एकालाही धड बॅट लावता आली नाही. दुसरा डाव संपवून तो टोपीने कपाळ पुसत डगआउटमध्ये शिरला. गसने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हातातला चेंडू काढून घेतला. "बस झालं आज."

आता हे डगआउटमधल्या पोरांच्या नजरेने बघा. धडधाकट पिचर, सहापैकी सहा बाद, आणि मॅनेजर त्याला दुसऱ्याच डावात काढून घेतो. या धंद्यात त्याचा एकच अर्थ असतो: वरून बोलावणं आलं, हात राखून ठेवा. मॅनेजरने तोंड उघडायच्या आधी डगआउटला ते कळतं, आणि मग मिठ्या सुरू होतात. पहिली मिठी त्याचे चेंडू झेलणाऱ्या कॅचरने मारली. मग दुसरा, तिसरा, मग रांगच लागली. फोड आलेला राइनहार्ट शुक्रवारचा कसा असेल, असं कोणाच्या मनातही आलं नाही. गसलाही आता वाटलं की फोडाची थाप आणि दोनच डाव, हे सगळं मार्विनसाठीच असणार, म्हणून तो नुसताच गालात हसत राहिला. मार्विन लोकांच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडत होता. प्रेक्षकांत जोआन दोन्ही हात पोटावर धरून उभी राहिली. निवेदकाने रेडिओवर सांगून टाकलं. शिबिराच्या पोरांना कशाचाच पत्ता नव्हता, तरी ती टाळ्या पिटत होती.

बक टॉलिव्हर टोपी काढून उभा राहिला. "डेल, माझे शब्द मागे घेतो. तुला डोळे आहेत."

डेलच्या घशात शेंगदाणा अडकला होता.

त्याचा फोन वाजला. साइक्स होता. "डेल, ऑडेट येतोय म्हणे? रेडिओवाले सांगतायत."

"गैरसमज झालाय, व्हर्नन. मी राइनहार्ट पाठवतोय."

"बरं. पण झालाच आहे बोभाटा, तर येऊ दे की त्यालाच. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मला कोणीही चालेल."

कोणीही चालेल. तीस वर्षं पाच गावांतल्या बसेस उतरवून घेतल्या, आणि हा माणूस म्हणतो कोणीही चालेल. डेलला ते फार लागलं. इथे त्याने काहीच करायची गरज नव्हती. 'बरं' एवढं म्हणून फोन ठेवला असता, तर मार्विनला त्याचा दिवस मिळाला असता, आणि पारखी म्हणून याचंच नाव झालं असतं. म्हणजे फुकटात पुण्य होतं. पण काही माणसांना फुकटातलं पुण्यही परवडत नाही.

"कोणीही कसा चालेल?" तो म्हणाला. "माझा शब्द राइनहार्टवर आहे. माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"आहे बाबा, आहे. पाठव तोच," साइक्स म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत गाण्यांचा दणदणाट होता. कोणीतरी केक आणला होता. गसने डेलला दारातच गाठलं आणि खरं काय ते ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला. "मी नाही सांगणार," तो म्हणाला. "तू शिजवलंस, तूच वाढ."

डेल आत गेला. राइनहार्टही मागून आला. गाणं बंद झालं. डेलने घसा खाकरला आणि सांगून टाकलं: शुक्रवारी राइनहार्ट जाणार, मार्विन नाही. फोड वगैरे काही नव्हता, क्लबाचं धोरण होतं.

मार्विन बाकावर बसला होता, एक बूट काढलेला. "जोआनने तिच्या वडलांना फोन केलाय," तो म्हणाला. "आता परत करावा लागेल." मग त्याने मान वर केली. "डेल, एक विचारू का? आज मी शेवटचा गडी कोणत्या चेंडूवर काढला?"

डेल दाढी कुरवाळत राहिला. "तो... वेगवान."

"माझ्याकडे वेगवान चेंडू नाहीये, डेल. सात वर्षांत कधीच नव्हता."

"बाहेरून आत वळलेला, सावकाश," राइनहार्ट खाली बघत म्हणाला. "डेल तेव्हा मला आईचं माहेर विचारत होते." मग तो मार्विनजवळ गेला. "मार्व्ह, मला खरंच काही माहीत नव्हतं."

"माहीत आहे रे. जा तू. फक्त त्या तिसऱ्या बोटाने चेंडू दाबू नकोस, म्हणजे वर जाणार नाही."

मार्विनने सामान भरायला घेतलं. शुक्रवारपर्यंत थांब, असं गस म्हणाला, पण तो नको म्हणाला. आता इथे पुन्हा उभं राहणं जमणार नाही. मग त्या पोरांनी पुन्हा मिठ्या मारायला सुरुवात केली, त्याच माणसाला, एकाच दिवसात दुसऱ्यांदा. फक्त या खेपेला कोणी हसत नव्हतं. डेलला निघून जायचं होतं, पण तो दाराकडे वळला तो नेमका रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला. मार्विन एकेकाला भेटत त्याच्यापर्यंत पोहोचला.

"तुम्हाला कधी कोणी मारली होती का हो मिठी? डगआउटमध्ये?"

डेल म्हणाला, "नाही."

मार्विनने बोजकं खाली ठेवलं आणि त्याला मिठी मारली. घट्ट, सगळ्यांसमोर. डेल हात खाली सोडून ठोकळ्यासारखा उभा राहिला. काय करायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मार्विनचं टक्कल त्याच्या दाढीला लागत होतं. मग मार्विन बाजूला झाला, बोजकं उचललं आणि बाहेर जोआन गाडी सुरू करून बसली होती तिकडे गेला.

शुक्रवारी राइनहार्टने मुख्य संघाच्या मैदानावर ओळीने सहा फलंदाजांना चारचार वाईट चेंडू देऊन फुकट पुढे सोडलं आणि पहिला डावही न संपवता तो बाहेर आला. जबडा टीव्हीवर फार छान दिसला, हे मात्र समालोचकही म्हणाला. शनिवारी साइक्सने गसला फोन करून विचारलं, तो दुसरा, डावखुरा, त्याला पाठवता येईल का. गसने सांगितलं की तो इंडियानात कुठेतरी छपरावर आहे आणि फोन उचलत नाही.

डेलची नोकरी गेली नाही. अशांची जात नाही. मंगळवारी तो पुढच्या गावात खुर्ची टाकून बसची वाट बघत होता. हंगाम संपल्यावर त्याने सगळ्या पिचरांवरचे शेरे क्लबाला पाठवले. मार्विन आता क्लबात नव्हता, त्याच्याबद्दल काही लिहायचं कारण नव्हतं, तरी डेलने लिहिलं: "खांदे अरुंदच. या वर्षी स्वतः जवळून तपासले."