भंडारदऱ्याचा धक्का आणि माझी कंबर

कोयनेच्या भूकंपानंतर श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या शाळेत भूगोल शिकवणारा मी स्वतःला भूकंपाचा जाणकार समजू लागलो होतो. भंडारदऱ्याकडे दिलेल्या थोरल्या बहिणीला सातवा महिना होता आणि तिकडे अधूनमधून जमीन हलते असं कानावर आलं. बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या दिवाळीत निघालो.

श्रीरामपूरहून संगमनेर, अकोले, राजूर अशा गाड्या बदलत जा. पण उजेडातच निघा; राजूरला पुढची एसटी चुकली तर तिथंच मुक्काम. घाटात गाडी हादरली तशी मी दांडी धरली.

"मास्तर, खड्डा हाय त्यो," कंडक्टर म्हणाला.

अक्काचं घर मातीत रचलेल्या दगडांचं. तिच्या अंथरुणाच्या बरोबर वर माळा, माळ्यावर पितळी हंडे आणि भाताची पोती. नागलीची भाकरी नि खर्डा खाऊन मी लगेच कामाला लागलो.

"अरे, दाजींना येऊ दे शेतातून. एकट्यानं नको," अक्का म्हणाली.

"वेळ सांगून येतो का भूकंप?" मी म्हणालो. हंडे उतरले, पोतीही उतरली. शेवटच्या पोत्याबरोबर माझी कंबरही उतरली. दाजींनी मला भिंतीकडेच्या बाजेवर निजवलं आणि तीळतेल चोळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चुलीवरची भांडी वाजायला लागली. अक्का पोट धरून झपझप अंगणात गेली, पाठोपाठ दाजी. मी आतून ओरडत होतो, "बाहेर पळा!" ते केव्हाच बाहेर होते. मलाच उठता येईना.

"पाव्हणं आत हायेत!" म्हणत दाजी परत आत शिरले. कौलं खाली येत होती. त्यांनी मला पोत्यासारखं पाठीवर घेतलं. आम्ही उंबरा ओलांडला आणि मागं भिंतीचा वरचा थर बाजेवर कोसळला.

अंगणात अक्कानं माझ्या डोक्यातली माती झटकली. "हंडे उतरवलेस ते बरंच केलंस रे," म्हणाली आणि रडायला लागली.

दाजींनी अंगणात कारवीच्या काटक्यांच्या कुडाची हलकी झोपडी उभारली. त्याच झोपडीत माघात अक्काला मुलगी झाली.

मी मात्र धक्क्यानंतर आठवड्यानंच कंबर धरत घरी पोचलो होतो. मी फजिती रंगवून सांगत होतो आणि बायको पोट धरून हसत होती. दाजी अंगणातून परत आत वळले, तिथवर आलो आणि मला पुढचं बोलताच येईना.