मस्कतच्या विमानाला तीन दिवस

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. गुरुवारी सकाळची हजेरी घेऊन बाहेर आलो, तर बाकावर पन्नाशीच्या एक बाई बसलेल्या. वैशाखऱ्याकडच्या, भातशेती करणाऱ्या.

"साहेब, मस्कतला जायाला विमानाला किती दिस लागतात वो?"

आत ठाणे अंमलदार फिसकन हसला. "काल-परवाही हेच विचारत होत्या, सर. मी म्हटलं, हे काय एसटीचं चौकशी केंद्र आहे?"

मी बाईंना आत खुर्ची दिली. त्यांची लेक घरकामाच्या नोकरीसाठी सोमवारी पहाटे मस्कतला निघाली होती. एजंट स्वतः घेऊन गेला. विमानाला तीन दिवस लागतात, तोवर फोन बंदच असतो, असं त्यानं घरी बजावलं होतं.

"माणूस पोचल्याबिगर आमी घर झाडत नाय," बाई म्हणाल्या. "सोमवारपास्न केर तसाच हाय. पोर गेली कुठं, साहेब?"

मुंबई ते मस्कत सोळाशे किलोमीटरच्या आतबाहेर, विमानानं जेमतेम तीन तास. मुरबाडहून विमानतळ गाठायलाही कधी कधी तेवढेच लागतात. त्या घरानं विमान फक्त आभाळात पाहिलेलं, आणि नेमका त्याचाच फायदा या हरामखोरानं उचलला होता.

फिर्याद नोंदवली. दुपारी एजंट शहापुरात चहाच्या टपरीवर सापडला. "सर, मध्ये हॉल्ट असतो," म्हणाला. मी त्याच्याच मोबाइलवर वेळ शोधायला लावली आणि मोठ्यानं वाचून घेतली. 'तीन तास' असं स्वतःच वाचूनही त्याचं 'फ्लाइट लेट असेल' चालूच. मग पंचांसमक्ष त्याच्या स्कूटरची डिकी उघडली. आत तीन बायकांचे पासपोर्ट, त्यांत या लेकीचाही.

"बायका विमानात आणि पासपोर्ट तुझ्या डिकीत?"

तिथे त्यानं कबूल केलं. व्हिसा झालेच नव्हते. दुसऱ्या मार्गानं पाठवायचं जमेपर्यंत तिघींना वाशिंदच्या एका नव्या इमारतीत कोंडलं होतं. तोवर गावात बोभाटा नको म्हणून ही थाप. तिथल्या पोलिसांना बरोबर घेऊन संध्याकाळी आम्ही कुलूप तोडलं. लेकीनं पहिलं विचारलं, "आयेला कळलं का?"

एजंट लबाडच होता. त्याच्यापेक्षा जास्त संताप मला माझ्या ठाण्याचा येतो. बाईंच्या आधीच्या दोन फेऱ्यांची ठाणे दैनंदिनीत एक ओळ नव्हती. अंमलदारावर कारवाईचा अहवाल पाठवला, पण ठाणं माझं होतं. फिर्याद कधी कधी खुळचट वाटणारा प्रश्न होऊन दारात येते, हे पुढे प्रत्येक नव्या शिपायाला मी सांगत आलो.

लेकीला घरी नेताना बाईंनी पुन्हा विचारलं, "खरं किती लागतं वो विमानाला?"

"तीन तास."

"आन् हितून वाशिंदला?"

"दीड तास."

बाईंनी बोटांवर दिवस मोजले. "मी मंगळवारीच आलते, साहेब. मंग तुमाला तीन दिस का लागलं?"